सहा कोनांचा उजेड

व्हॉल्व्ह चांगला आला होता. पितळी, आखूड मानेचा, तोंडाशी कोरलेला एकेक आटा वेगळा दिसेल इतका स्वच्छ. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नीराने तो डोळे बारीक करून पाहिला आणि ती पुढचा नग मांडायला सांगणार तेवढ्यात तिची नजर व्हॉल्व्हच्या मागे गेली. मागे लेथ होतं, लेथखाली पोलादाचा कीस पडला होता आणि त्यावर वरच्या ट्यूबलाइटचा उजेड चमकत होता. फोटोत तो धूसर होऊन ठिपक्याठिपक्यांनी पसरला होता. ठिपक्यांना कोपरे होते. तिने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. सहा कोपरे, प्रत्येकाला. कुणी मूठभर उजेडाचे नट सांडून ठेवावेत तसे.

“शुं थयुं, बेन?” अनीशने विचारलं. बडोद्याच्या मकरपुऱ्यातला हा कारखाना त्याचा, आणि कॅटलॉगचे फोटो वेळेत मिळावेत एवढीच त्याची काळजी. “फोटो बरोबर नथी आव्यो?” “सरस आव्यो छे,” ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका साधा निघाला ह्याचं तिला आश्चर्य वाटलं. लेन्सच्या आत पात्यांनी वेढलेलं एक भोक असतं, डोळ्यातल्या बाहुलीसारखं लहानमोठं होणारं. जितकी पाती तितके त्या भोकाला कोपरे, आणि धूसर उजेड त्या भोकाचाच आकार घेऊन येतो. तिच्या लेन्सला नऊ पाती होती. नऊ कोपऱ्यांचं भोक डोळ्याला गोलच दिसतं. इतकी वर्षं तिच्या फोटोंत उजेड गोल आला होता, पावसाच्या पाण्यात तेलाचा थेंब पडावा तसा गोल. आणि हे सहा कोपरे तिच्याकडे बघत होते.

तिने कॅमेरा मांडीवर घेतला. लेन्सच्या कड्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, पकड घट्ट राहावी म्हणून तिनेच गुंडाळलेली. निदान तिला तसं वाटत होतं. तिने नखाने पट्टीचं टोक उचललं आणि ओढली. खाली पितळ उघडं पडलेलं असायला हवं होतं. बाबांच्या अंगठ्याने आणि मग तिच्या अंगठ्याने तिथला काळा रंग घासून घासून नेलेला होता, शेंगदाण्याएवढा पिवळा डाग होता तिथे. इथे काळा रंग अखंड होता. डाग नव्हता. म्हणजे कुणीतरी तिची लेन्स काढून घेतली होती, तिच्यासारखी दुसरी आणली होती आणि तिला संशय येऊ नये म्हणून बसून, नीट, तिच्यासारखीच पट्टी गुंडाळली होती. ह्या पट्टीनेच तिचं डोकं तडकलं. चोराला घाई असते. ह्याला घाई नव्हती. ह्याने कात्रीने पट्टीचं टोक तिरकं कापलं होतं, ती कापते तसंच.

कोण, हे विचारायची गरज नव्हती. कात्री इतक्या नीटपणे चालवणारा माणूस तिच्या घरात एकच होता आणि तिने त्याच्याशी लग्न केलं होतं.

उरलेले नग तिने त्याच लेन्सने काढले. हात काम करत होते. अनीशचा माणूस एकेक व्हॉल्व्ह पुसून ठेवत होता आणि ती आत कुठेतरी एकेक वाक्य घासत होती, घरी गेल्यावर म्हणायचं, आणि प्रत्येक वाक्य तिला मवाळ वाटत होतं. अनीशने चहा मागवला. तिने तो घेतला आणि तोंड पोळलं तरी प्यायली. मग सामान स्कूटरवर बांधून ती निघाली. लालबागच्या पुलावर गर्दी होती, राजमहाल रोडला गरब्याच्या मांडवाचे बांबू उतरवत होते आणि अर्धा रस्ता अडवून ट्रक उभा होता. तिने इतका वेळ हॉर्न दाबून धरला की बांबूवाला वळून म्हणाला, “अरे मासी, शांती राखो.” शांती! सगळ्यांना तिच्याकडूनच शांती हवी असते. नवऱ्याला हवी, पोराला हवी, आता ह्या बांबूवाल्यालाही हवी.

ह्याची सुरुवात त्या केयूरपासून झाली. श्रावणात, एका रविवारी. कुशलने, तिच्या मुलाने, आपला एक जुना फिल्मचा कॅमेरा विकायला काढला होता आणि तो बघायला हा केयूर अहमदाबादहून आला. जुन्या लेन्स जमवणारा, मऊ बोलणारा, नखं स्वच्छ कापलेला माणूस. कुशलचा कॅमेरा त्याने एका मिनिटात बाजूला ठेवला. नीराची लेन्स टेबलावर पोह्यांच्या बशीशेजारी पडली होती. सकाळीच ती काम करून आली होती. केयूरने चहाचा कप खाली ठेवला, हात रुमालाला पुसले आणि लेन्स उचलली. आत डोकावला. कडं फिरवलं, पुन्हा डोकावला. ओठांत पाती मोजली. “नीराबेन, आ तमे वापरो छो? रोज?” “रोज,” ती म्हणाली. तो अविनाशकडे, तिच्या नवऱ्याकडे, वळला. तिच्याकडे नाही, अविनाशकडे. घरातल्या वस्तूची खबर घरातल्या पुरुषाला द्यायची असते ना. ही लेन्स त्या जपानी कंपनीने पहिल्यांदा काढली तेव्हाच्या खेपेतली आहे, तो सांगू लागला. पहिल्या खेपेत नऊ पाती होती, पुढे खर्च वाचवायला सहा केली. पहिल्या खेपेतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या असतील, आणि ज्या उरल्यात त्या कपाटांत आहेत. “आने तो हवे अडाय पण नहीं,” तो म्हणाला. हात म्हणून लावायचा नाही आता हिला.

आणि अविनाश, ज्याने लग्नापासून त्या लेन्सला ‘तुझं ते डबडं’ ह्यापलीकडे नाव दिलं नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते तिने पाहिलं होतं. देवघरात येतो तसा भाव. तिला हसू आलं होतं तेव्हा. आता स्कूटरवर बसून त्या हसण्याचा तिला संताप आला.

कारण ती माणसंच तसली. अविनाशचे पणजोबा संस्थानच्या मुलकी खात्यात होते. त्यांची पगडी काचेत आहे. त्यांची चांदीची अत्तरदाणी काचेत आहे, तिच्यात कधी कुणी अत्तर घातल्याचं नीराने पाहिलं नाही. एक शेला आहे, तो वर्षातून एकदा उन्हात धरतात आणि पुन्हा डांबराच्या गोळ्यांत घालतात. कारेलीबागेतल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये निम्मी भिंत ह्या न वापरायच्या वस्तूंनी खाल्ली आहे आणि त्या भिंतीकडे पाठ करून कुणी बसलेलं अविनाशला चालत नाही. स्वतः सरकारी खात्यात साहेब होऊन निवृत्त झाला, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, कसलं व्यसन नाही. फक्त आपल्या घरात काहीतरी दुर्मीळ आहे ही जाणीव त्याला भाकरीसारखी लागते. लग्नाआधी तिला पाहायला आला तेव्हा तिच्या वडिलांनी म्हटलं होतं, मुलगी कॅमेरा चालवते, कारखान्यांत जाते. अविनाश म्हणाला होता, वा, अशा मुली बडोद्यात कितीशा असतील! तेव्हा तिला ते कौतुक वाटलं. खंडेराव मार्केटच्या वळणावर आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं की कदाचित तिलाही त्याने संग्रहातच घेतलं होतं. फक्त ती काचेत मावली नाही.

बाबांना काच वगैरे माहीत नव्हती. पद्माकर, तिचे बाबा, शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात तपासणी खात्यात फोटो काढत. माणसांचे नव्हे, तड्यांचे. पाइपाला गेलेला तडा, जोडाला पडलेलं भोक, गंजाने खाल्लेली कड. यंत्रं उभारायला आलेला एक जपानी इंजिनियर परत जाताना ही लेन्स त्यांना देऊन गेला, कारण भाषेविना तो एका बाबांशीच बोलू शकत होता. दोघं मिळून एका तड्याकडे तासभर बघत बसायचे. बाबा तिला रविवारी कारखान्यात नेत. “चकाकीकडे बघ आधी,” ते म्हणत. “वस्तू खोटं बोलेल, पण तिच्यावरची चकाकी बोलत नाही. चकाकी तुटली की समज तिथं काहीतरी आहे.” ती सात-आठ वर्षांची असेल. लेन्सच्या कड्यावर त्यांचा अंगठा आणि त्यांच्या अंगठ्यावर तिचा. गेले तेव्हा त्यांनी भावाला घर दिलं आणि तिला लेन्स दिली, आणि भाऊ अजूनही समजतो की वाटणीत आपण जिंकलो.

बाबांच्या घरी खंडेनवमीला लेन्सची पूजा व्हायची. पाट, पाटावर पक्कड, पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि मधोमध कॅमेरा. कडेला झेंडूचं फूल, कुंकवाचं एक बोट. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बाबा सकाळी पहिलं काम करायचे ते फोटो काढायचं. निदान अंगणातल्या नळाचा. हत्यार एक दिवस देव असतं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतं, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. अविनाशच्या घरीही खंडेनवमी होते, पणजोबांची तलवार निघते. फक्त त्या तलवारीचा दसरा कधी उजाडत नाही. म्यानात गंज चढलाय, उपसायला गेलं तर निघत नाही, आणि तरी तिच्यापुढे नारळ फुटतो. म्हणे हात लावायचा नाही. बाबांच्या अंगठ्याने जिथे पितळ उघडं पाडलं तिथे हात लावायचा नाही! तिला रडू येत होतं आणि बहुचराजी रोडवर स्कूटर चालवताना रडता येत नाही, म्हणून ती आणखी चिडली.

दार कुशलने उघडलं. घरूनच काम करतो तो, कानात ते पांढरं खुपसलेलं. तिचा चेहरा पाहून त्याने ते काढलं. अविनाश टेबलाशी वाटाणे सोलत बसला होता. तिने पिशवीतून लेन्स काढली आणि वाटाण्यांच्या परातीत ठेवली.

“माझी कुठाय?”

अविनाशने लेन्सकडे पाहिलं, उलगडून लोंबणाऱ्या पट्टीकडे पाहिलं. नाही म्हणाला नाही. तेवढा तो खरा. “आत आहे,” तो म्हणाला. “कुशलच्या खोलीत, त्या कपाटात. अगदी सुरक्षित आहे.”

ते कपाट! ओल न लागू देणारं, विजेवरचं, समोर निळा दिवा असलेलं. कुशलच्या कॅमेऱ्यांसाठी आणलं म्हणून सांगितलं होतं. रोज ती त्याच्यावरून फडकं फिरवत होती. रोज, आपल्याच लेन्सच्या तोंडावरून.

“मम्मी, टेन्शन नको ना लेऊस,” कुशल म्हणाला. “पप्पांनी केयूरभाईंना सांगून सेम मॉडेल मागवलं. काच सेम, सगळं सेम. फक्त नंतरच्या लॉटची. तुझं काम पण चालू आणि ती पण सेफ.”

“मला विचारलंत?”

“तू हो म्हटलं असतंस?” अविनाश म्हणाला.

“नाही.”

“मग!” त्याने हात पसरले, एवढं सोपं गणित हिला कसं कळत नाही अशा थाटात. “अगं नीरा, त्या कारखान्यांत तेल उडतं, कीस उडतो. उद्या पडली हातातून, तर? जगात उरल्यात किती? तुझ्या बाबांचीच आठवण ना ती? मी ती जपली. मी काही विकली नाही, कुणाला दिली नाही. घरातच आहे.”

“बाबांची आठवण चालण्यात आहे तिच्या. तुमच्या त्या पगडीसारखी ती मेलेल्या माणसाची नाहीये.”

हे लागलं त्याला. लागावं म्हणूनच ती बोलली होती. त्याने एक शेंग उगाचच सोलली, वाटाणे परातीत न टाकता हातातच धरले. “पट्टीसुद्धा गुंडाळलीत,” ती म्हणाली, आणि आता आवाज चढला, शेजारच्या खिडकीत कुणी आलं तरी चढला. “बसून गुंडाळलीत. मी टोक कसं कापते ते बघून. आयुष्यात माझा एक फोटो धड बघितला नाहीत आणि माझी पट्टी एवढी बारकाईने बघितलीत! म्हणजे तुम्हाला खात्री होती. हिला काय कळतंय. हिला पट्टी घट्ट लागली की झालं. इतकी वर्षं मी डोळ्यांवर जगतेय आणि ह्या घरातल्या दोघांनी ठरवलं की मी आंधळी आहे.”

“आंधळी कोण म्हणतंय,” अविनाश हळू म्हणाला. “पण आज कळलं ना तुला? आज. गणपती उठले त्या आठवड्यात बदलली मी.”

कुशलने वडिलांकडे असं पाहिलं की हे बोलायला नको होतं. अविनाशलाही ते बहुधा उशिरा कळलं, कारण तो पुढे म्हणाला, “म्हणजे मला म्हणायचंय, फरक इतका बारीक आहे की कुणालाच,” आणि थांबला.

गणपती उठले त्या आठवड्यात. म्हणजे छाणीच्या वर्कशॉपमधले पंपांचे पंखे त्यानंतरचे. तरसालीच्या त्या नव्या माणसाचे गिअर त्यानंतरचे. ते काम आवडलं म्हणून त्याने दुसऱ्याकडे तिचं नाव सुचवलं होतं. ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन तिने संगणक लावला. तिला खात्री होती की त्यांत तसं काही नसेल. पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेल्या वस्तूंना मागे उजेड नसतोच, दिसणार कुठून. पंख्याचा पहिला फोटो उघडला. पंख्याच्या कडेला एक ठिपका. सहा कोपरे. गिअरच्या दातांमागे ठिपक्यांची ओळच होती, एखाद्या मुलाने वहीत शिकून काढल्यासारखे षटकोन, ठसठशीत, लपायचा प्रयत्नसुद्धा न करणारे. प्रत्येक फोटो तिने स्वतः निवडला होता. मोठा करून, डाग पुसून, रंग बघून पाठवला होता. ते तिच्यासमोर होते आणि तिने त्यांच्या आरपार पाहिलं होतं.

मग तिला तो ड्रिलच्या पात्याचा फोटो आठवला. आठवू नये म्हणून तिने दुसरंच काहीतरी उघडलं, पण तो आठवलाच. पात्याच्या नागमोडी खाचेत तेलाचे थेंब आणि मागे सगळा उजेड विरघळलेला. ह्या वर्षातलं आपलं सगळ्यात चांगलं काम, असं तिला वाटलं होतं. त्या संध्याकाळी तिने अविनाशला हाक मारून खुर्चीत बसवलं होतं. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली होती, हा उजेड बघा. हा बाबांच्या लेन्सचा उजेड. दुसऱ्या कुठल्याही लेन्समधून असा येणार नाही. आणि अविनाश मान पुढे करून, आपल्या वाचायच्या चष्म्यातून बघत म्हणाला होता, हो. खरंच गं. सुंदर आहे.

तिने तो फोटो उघडला. तो सुंदरच होता. हेच सहन होईना. चांगला फोटो होता, मागे सहा कोपऱ्यांचे ठिपके होते आणि तरी चांगला होता, आणि तिने त्यावर बाबांचं नाव घेतलं होतं. बाबा खुर्चीत असते तर त्यांनी आधी ठिपक्यांकडे बोट दाखवलं असतं. आता चिडायचं तरी कुणावर? त्याच्यावर चिडायला तोंड उघडलं की आतून कुणीतरी हा फोटो पुढे करणार होतं. सकाळपासून तिच्याजवळ एवढा मोठा, स्वच्छ, न्यायाचा राग होता, बाजूने कुठूनही बघा, तिचाच हक्काचा. आणि ह्या माणसाने तोही बदलून ठेवला होता.

बाहेर कपाटाचं दार वाजलं. कुशल काहीतरी पुटपुटला. मग अविनाश दारात आला. त्याने पांढरे सुती हातमोजे घातले होते आणि दोन्ही तळव्यांवर लेन्स धरली होती, प्रसाद आणावा तशी. पितळेचा तो पिवळा डाग तिला लांबूनच दिसला. त्याचे डोळे ओले होते. तो वाईट माणूस नव्हता, आणि आत्ता तिला ते नकोच होतं.

“घे,” तो म्हणाला. “तुझी आहे. वापर, फोड, काय करायचं ते कर. चुकलं माझं.” मग पडद्यावरचा फोटो त्याला दिसला. “हा फोटो तू दाखवलास ना,” तो म्हणाला, “तेव्हाच सांगणार होतो मी. पण तू इतकी खूश होतीस.”

नीराने लेन्स घेतली. त्याच्या हातमोज्यांतून ओढून, उघड्या हाताने घेतली. धातू थंड होता. त्या कपाटातला थंडपणा होता तो, तिला अनोळखी.

“चोरीचं मी विसरेन एखादवेळी,” ती म्हणाली. “घरातल्या घरात चोरी, त्यात काय एवढं. पण तुम्हाला वाटलं होतं की हिला कळणार नाही. आणि ते तुमचं खरं निघालं.” तिचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि अविनाश त्या आवाजालाच घाबरला. “ते खरं निघालं ना, त्याची माफी नाही. तुम्हाला नाही. जन्मात नाही.”

“पण अगं, त्यात माझा काय—”

“काही नाही,” ती म्हणाली. “तुमचा काहीच दोष नाही. जा, वाटाणे सोला.”

तो तसाच उभा राहिला, हातमोज्यांतले रिकामे हात पुढे धरून. तिने खुर्ची वळवली, संगणकाकडे तोंड केलं आणि छाणीचे, तरसालीचे, सगळे फोटो पहिल्यापासून पुन्हा उघडायला घेतले.